देगलूरहून आणलेलं निळीचं विरजण

ह्या वर्षी पाडव्यानंतरच्या दुसऱ्या सोमवारी, सकाळचा टँकर येऊन गेल्यावर, जळकोटजवळच्या एका वस्तीवर चन्नाबाई निराळीण हिचे चारही माठ सरकारी माणसांनी पहारीने फोडले. निराळी म्हणजे निळीत कापड रंगवणारे लोक. त्यांचे माठ घरातच, जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेले असतात. ते उपडे करता येत नाहीत, म्हणून पहार. एक जण नाकाला रुमाल लावून म्हणाला, "सडकं पाणी आहे, पटकी पसरेल." दुसरा म्हणाला, "टंचाईत धंद्याला पाणी वापरायची बंदी आहे." दोन्ही कारणं फसवी. निळीच्या माठाला वास येतो तो माठ जिवंत असतो म्हणून. आणि एकदा भरलेल्या माठाला रोज लागतं ते तांब्याभर पाणी. हे पथक कोणत्या कचेरीचं, हे मी विचारत फिरले. प्रत्येक कचेरीने दुसऱ्या कचेरीकडे बोट दाखवलं. म्हणून कचेरीचं नाव इथे लिहिता येत नाही. जिच्यावर अन्याय झाला तिचं नाव आणि दिवस तेवढा लिहिला आहे.

मी लातूरची. आमच्या बौद्ध वस्तीतल्या मंडळाची पत्रकं मी लिहिते, सायक्लोस्टाइलवर काढते आणि बाजारात उभी राहून वाटते. नवा जिल्हा झाल्यापासून लातुरात पाट्या रंगवणाऱ्यांना फुरसत नाही. 'उस्मानाबाद' खरवडायचं आणि त्यावर 'लातूर' लिहायचं. जिल्हा झाला तेव्हा आम्हीही पेढे खाल्ले. खोटं कशाला बोलू? पण माझं आजोळ जळकोटकडचं. तिथून मावशीचा निरोप आला की चन्नाबाईचे माठ फोडले, तू कागदं काढतेस ना, मग ये. मी पिशवीत दोन साड्या टाकल्या आणि उदगीरची एस.टी. धरली.

रस्ताभर काळी जमीन उकललेली. शेतात काही नाही, बांधावर निंब तेवढे हिरवे. रस्त्याच्या कडेला बाया खडी फोडत होत्या. काहींनी डोळ्यांवर सायकलच्या ट्यूबचे गोल कापून त्यात काच बसवून बांधली होती. बस गेली की सगळ्या एकदम पदर तोंडावर घेत. धुरळा बसला की पुन्हा हातोड्या सुरू.

चन्नाबाईचं घर वस्तीच्या टोकाला. खालच्या खोलीत चार खड्डे, खड्ड्यांत खापऱ्या, आणि भुईवर निळे ओघळ वाळून कडक झालेले. वर आढ्याला गाठोडी लटकत होती. ती बायकांच्या जुन्या लुगड्यांची. दुष्काळात नवं लुगडं घेणार कोण? विटलेलं जुनंच निराळणीकडे द्यायचं, ती निळीत बुडवून नवं करते. म्हणजे दुष्काळ हाच तिच्या कामाचा हंगाम, आणि ऐन हंगामात माठ फोडलेले.

चन्नाबाई साठीच्या पुढची, गळ्यात लिंग, कोपरापर्यंत हात निळे. मला पाहून म्हणाली, "कागदं वाटणारी ती तूच का?"

"हाव."

"मग काय लिवलंस माझ्या माठाचं?"

"निषेध लिहिलाय, मावशी. जाहीर निषेध."

"बरं केलंस. आता त्यो निषेध भिजवून लुगडी रंगवते."

माझ्याबरोबर आलेली माझी मावशी खदखदून हसली. मी नाही हसले. मग चन्नाबाईने मला खाली बसवलं आणि अडचण सांगितली. निळीचा माठ नुसत्या निळीने होत नाही. नीळ, चुना, पापडखार आणि तरोट्याचं उकडलेलं बी (तरोटा म्हणजे पावसाळ्यात उकिरड्यावर माजतं ते रान) हे सगळं घातलं, तरी त्याला जुन्या जिवंत माठातलं विरजण लागतं, दह्याला लागतं तसं. विरजणाशिवायही माठ लावता येतो, पण तो लागेल की नासेल याचा भरवसा नाही, आणि नासला तर पाणी आणि नीळ दोन्ही वाया. एरवी एक माठ बिघडला तर शेजारच्या माठातून घ्यायचं. इथे चारही एका दिवशी गेले.

"आखाजीपर्यंत लुगडी न्हाई दिली तर बाया गाठोडी घेऊन जातील," ती म्हणाली (आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया). "मग मला खडी फोडाया जावं लागल. आन मी एकदा खडीवर गेले की ह्यो धंदा संपला. हितं दुसरं घर न्हाई निराळ्याचं."

नांदेडला तिचा पुतण्या इराप्पा होता, त्याच्याकडे माठ होता. मी म्हणाले, "मी आणते." मावशीने सकाळी धपाटे बांधून दिले.

मुखेड, कंधार करत नांदेडला पोचायला अर्धा दिवस गेला. गोदावरी पुलावरून पाहिली. पात्राच्या मध्ये तिची एक वेणी वाहत होती, बाकी सगळी वाळू. विष्णुपुरीकडे धरणाच्या कामाचे ट्रक चालले होते. नांदेड म्हटलं की आज लोकांना गुरुद्वारा आठवतो. फार थोड्यांना ठाऊक असतं की इथलं तलम कापड आणि पागोटी एके काळी दूरवर नावाजलेली होती. आमच्या मंडळात एका निवृत्त मास्तरांनी ह्या विषयावर चार रविवार शिकवणी घेतली होती. मला ती तोंडपाठ आहे. ह्या मुलखातला माल लमाणांच्या बैलांवर लादून मछलीपट्टणच्या बंदरापर्यंत जायचा. तिथे डच आणि इंग्रज व्यापाऱ्यांची जहाजं उभी. आपलं रंगीत कापड त्यांच्या देशात इतकं खपलं की तिथले विणकर खवळले आणि इंग्लंडात ते अंगावर घालायलाच कायद्याने बंदी आली. नीळ तिकडे पोचली तेव्हा फ्रान्स-जर्मनीत तिला सैतानाचा रंग म्हणाले, कारण त्यांच्या शेतकऱ्यांची निळा रंग देणाऱ्या पाल्याची पिकं बुडणार होती. बंदी घालून भागेना, तेव्हा ते शिकायला बसले. कापडासारखं कापड काढायला यंत्रं लावली, निळीसारखी नीळ काढायला रसायनं ढवळली. शाळेत आपल्याला शिकवतात की युरोपला एक दिवस अक्कल सुचली आणि यंत्र झालं. आधी माल गेला, त्या मालाच्या हव्यासापायी अक्कल धावली, आणि त्या मालात कुणाचे तरी निळे हात होते. हे मी पत्रकात दोनदा छापलं आहे.

इराप्पाचं दुकान जुन्या गावात एका बोळात होतं. आत चुलीवर मोठं पातेलं रटरटत होतं. त्यात पांढरं धोतर टाकलं आणि काढलं, की लाल. माठ कुठेच दिसेना.

"माठ?" इराप्पा म्हणाला. "काकीला सांगा, माठ मी बुजवला. आता पुडीचा रंग. पाण्यात टाका, उकळा, झालं. वास न्हाई, नखरा न्हाई."

मी त्याला माझी चार रविवारांची शिकवणी ऐकवली. उभ्या उभ्या, पातेल्याच्या वाफेत. तो धोतर पिळत ऐकत होता. मी थांबल्यावर म्हणाला, "ताई, बोललात लई भारी. हुन्नर आपलं, हे कबूल. मग पुडी आपण कामून न्हाई काढली?"

"त्यांनी लुटलं म्हणून!"

"लुटलं तर लुटलंच. पण लुटायच्या आधी दोन-चारशे वर्षं माझे आजे-पणजे माठात हात घालून बसले होते. त्यायला कोणी विचारलं का, की बाबा रे, ह्यात काय होऊन राहिलंय? गावातला शिकलेला माणूस आमच्या दारावरून नाक धरून जायचा. आताबी तसाच जातो."

मी चिडले, हे लिहिते. त्याने चहा मागवला. बशीत ओतलेला चहा निवेपर्यंत मी विचार करत होते, आणि पुढे देगलूरच्या बसमध्येही तोच विचार होता. तिकडे युरोपात रंगाऱ्याच्या कृती छापल्या गेल्या. शिकलेला माणूस नाक न धरता रंगाऱ्याच्या खोलीत शिरला, वहीत उतरवून बाहेर आला, दुसऱ्याने ते वाचून पुढचा प्रयोग केला. लूट झाली, तीही खरी. तिच्यावर मी अजून शंभर पत्रकं काढीन. पण आपल्याकडे हात आणि पोथी कधी एका पंगतीला बसलेच नाहीत. पंगत कोणी मोडली, ते आमच्या वस्तीतल्या पोराला विचारा, तो न वाचता सांगेल. दोन्ही गोष्टी एका पत्रकात मावायला हव्यात. मावत नसतील तर कागद मोठा घ्यावा.

देगलूरचा पत्ता इराप्पानेच दिला. "माझ्या सासूची बहीण, मल्लम्मा. तिचा माठ जिवंत असला तर असला." निघताना त्याने लाल हाताने माझ्या पिशवीत निळीची वडी टाकली. नीळसुद्धा आता कारखान्याची, मुंबईहून येणारी. "काकीला सांगू नका मी दिली. माठ बुजवला म्हणून ती माझ्याशी बोलत न्हाई."

देगलूरला मराठी, तेलुगू आणि कानडी एकाच ओसरीवर ऐकू येतात. मल्लम्मा अक्का (अक्का म्हणजे थोरली बहीण) ओसरीवरच बसली होती. मी लिंगायतांच्या नमस्काराचं "शरणार्थी" म्हटलं, तिनेही "शरणार्थी" म्हणून हात जोडले, आणि मी कोण, कुठली, हे सगळं विचारून झाल्यावर म्हणाली, "तुम्ही जय भीमवाले, आणि आमच्या चन्नीसाठी एवढं ऊन खाल्लं?"

"माझ्या आजीची लुगडी चन्नाबाईच्याच माठातली, अक्का."

"मग जेव आधी."

ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, वर शेंगाचं तेल. पाणी तिने मोजूनमापून दिलं, पण दुसऱ्यांदा विचारलं. जेवण झाल्यावर खालच्या खोलीत नेलं. माठावरचं झाकण काढलं तेव्हा वासाने माझे डोळे भरून आले. पाण्यावर तांबूस, चकाकता फेस होता. त्याला 'फूल' म्हणतात. फूल बाजूला सारलं की खाली पिवळट हिरवं पाणी. तिने सुताची लडी बुडवून वर काढली. हिरवी निघाली. वारा लागला तशी ती माझ्यासमोर हळूहळू निळी होत गेली. मी शाळेत ऑक्सिजन शिकले आहे. तरी मी श्वास धरून उभी होते.

अक्काने मडकं काठोकाठ भरलं, हवा राहू नये म्हणून. तोंडावर फडकं, त्यावर ओली माती. ती मडक्यावर हात ठेवून म्हणाली, "ऐक. हे वाटेत रुसतं. तिथे गेल्यावर फूल नाही आलं, तर गावात एक थाप सोडायची. मोठी. जेवढी लांब जाते तेवढा माठ लवकर येतो."

मला वाटलं, थट्टा करते. थट्टा नव्हती. हा निराळ्यांचा रिवाज आहे. माठ बिघडला की एक धादांत खोटी बातमी उठवायची. लोक ती तोंडोतोंडी नेतात, आणि माठ सुधारतो.

"अक्का, मी खोटं लिहीत नाही आणि बोलत नाही. आमची सगळी लढाई त्यावर आहे."

"तू नको बोलू. चन्नी बोलेल. लहानपणापासून पटाईत आहे."

परतीच्या बसमध्ये कंडक्टर दोन वेळा माझ्याजवळून वास घेत गेला. तिसऱ्यांदा थांबला. "ताई, काय मेलंय त्या मडक्यात?"

"मेलेलं नाही. जिवंत आहे, म्हणून वास येतो."

"जिवंत हाय? मग त्याचंबी तिकीट काढा."

सगळी बस हसली. मागच्या बाकावरच्या म्हाताऱ्याने खिडकी उघडून दिली आणि आपलं उपरणं माझ्या मांडीवरच्या मडक्याखाली घातलं, ते हलू नये म्हणून. मुखेडच्या अलीकडे गाडीचं चाक बसलं. उन्हात आम्ही निंबाखाली थांबलो. मडक्यावरची माती तडकली, एका फटीतून पाणी झिरपून माझ्या साडीवर निळं उतरलं. माती भिजवायला पाणी नव्हतं. त्याच म्हाताऱ्याने तोंडातली पानाची पिंक टाकून दिली, ओंजळभर माती थुंकीने भिजवली आणि फट बुजवली. मला किळस आली, आणि मी त्यांना हात जोडले.

चन्नाबाईने तोवर धान्याचा रिकामा रांजण पुरून ठेवला होता. रिकामा कशामुळे, ते विचारायचं कारण नव्हतं. आजूबाजूला ऊबेसाठी शेणखत भरलं होतं. इराप्पाच्या वडीकडे तिने पाहिलं. "कोणी दिली?" मी चुना चाळायला घेतला. "त्या हरामखोराला सांग, पोचली," ती म्हणाली, आणि वडी खलायला घेतली. पाण्यासाठी वस्तीतल्या बायकांनी टँकरच्या आपल्या वाट्यातून एकेक तांब्या आणून ओतला. ज्यांची लुगडी आढ्याला होती त्यांनी, आणि नव्हती त्यांनीही. विरजण घातलं. झाकण लावलं.

फूल येईना. काही दिवस गेले, पाणी जडसर, मळकट. चन्नाबाई बोट बुडवायची, जिभेला लावायची, थुंकायची. एका सकाळी माझ्याकडे वळून म्हणाली, "थाप सोडाया पायजे."

"मावशी, हे काही शास्त्र नाही."

"तुझ्या खऱ्यानं कोणता माठ वर आला, सांग."

ती टँकरच्या रांगेत गेली. घागर डोक्यावर, चेहरा दुखवट्यातला. हळूच शेजारणीला म्हणाली, "ऐकलं का? मुखेडकडं एका गाईला निळं वासरू झालंय म्हणे."

संध्याकाळपर्यंत ते वासरू शेजारच्या गावात पोचलं. दुसऱ्या दिवशी एक जण ते स्वतः पाहून आला होता. उदगीरच्या बाजारात त्याच्या आईचं दूधही निळं झालं. वस्तीवर इतक्या दिवसांनी लोक पाण्यावाचून दुसऱ्या कशावर तरी बोलत होते. खोटं कशाला सांगू, ऐकायला बरं वाटलं. आणि चन्नाबाईने झाकण काढलं तर रांजणावर फूल. तांबूस, बोटभर जाड. मी म्हणाले, शेणखताची ऊब लागली. ती म्हणाली, वासरू लागू पडलं. पहिलं लुगडं एका खडीवर जाणाऱ्या बाईचं निघालं. निंबाच्या फांदीवर टाकलं तेव्हा हिरवं होतं, आणि ती बाई खाली उभी राहून ते निळं होईपर्यंत कामाला गेली नाही.

इथे ही हकीकत संपायला हवी होती. पण बातमी कचेरीपर्यंत पोचली तोवर वासराचं मढं झालं होतं: जळकोटकडे निळ्या पाण्याने जनावरं मरून राहिलीत. कोतवाल निरोप घेऊन आला. येत्या बुधवारी पथक पुन्हा येणार, रांजण फोडणार आणि ह्या खेपेला खोलीही सील करणार. चन्नाबाई ऐकून खाली बसली. "माझीच थाप," म्हणाली. मग उठली आणि पुढचं गाठोडं सोडलं.

लातूरला येताना बसमध्ये मी हे लिहायला घेतलं. जे खरं आहे ते इथे सांगते. निळं वासरू नाही. निळ्या पाण्याने एकही जनावर मेलेलं नाही. जनावरं मेली आहेत, आणि ती चाऱ्यावाचून मेली आहेत. तो चारा छावणीत का पोचला नाही, ह्याच्या चौकशीला कोणी पहार घेऊन आलं नाही. कचेरीला चाऱ्यापेक्षा रोग बरा. रोगाचा दोष एका म्हातारीच्या माठावर टाकता येतो. चन्नाबाईचा रिवाज मला पटत नाही. पण सरकारी माणसांनी सडकं पाणी म्हणून पहिली थाप मारली, आणि तिच्याने कोणाचा माठ सुधारला नाही, फुटला.

मी पत्रकांत प्रगतीवर पुष्कळ लिहिलं आहे. ती कुठे सुरू होते ते ह्या प्रवासात मला दिसलं: कोणीतरी वास सोसून खोलीत शिरतो आणि आतल्या माणसाला विचारतो, हे कसं होतं? ज्या देशांनी हे केलं त्यांनी आपली नीळ नेली, आपलं ज्ञान नेलं आणि आपल्यालाच पुडी विकली. आपण काय करतो आहोत, तर पहार आणतो आहोत.

वाचकहो, हे वाचून हळहळू नका, त्याने मला काही करता येत नाही. बुधवारी सकाळी, टँकर यायच्या आधी, चन्नाबाईच्या घरी या. जळकोटला उतरलात की कोणीही वस्ती दाखवेल. घरून निघताना तुमच्या वाट्याच्या पाण्यातलं तांब्याभर पाणी बरोबर घ्या आणि आल्या आल्या तुमच्या हाताने रांजणात ओता, म्हणजे ते धंद्याचं पाणी आहे असं कोणाला म्हणता येणार नाही. ते तुम्ही दिलेलं पाणी असेल. नाक धरू नका. आणि पहार आली की दारात उभे राहा, हलू नका.